जुन्या बाजारातले अमेरिकन चांदीचे डॉलर: घेण्याआधी काय तपासावं?

मंगळवारपेठकर
जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे तीन अमेरिकन नाणी आहेत. रविवारी तो पुन्हा बसणार आहे. खिशातल्या काट्यावर वजनं घेतली आहेत.
१) मॉर्गन डॉलर, १९२१, मागे टांकसाळीचं अक्षर नाही, २६.६ ग्रॅम. काळपट.
२) ट्रेड डॉलर (आशियाशी व्यापारासाठी पाडलेला), १८७९, मागे 'एस' (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळ), २४.९ ग्रॅम. नक्षी एकदम ठसठशीत, वर दोन-तीन चिनी ठसे.
३) केनेडी अर्धा डॉलर, १९६७, ११.५ ग्रॅम. विक्रेता 'शुद्ध चांदी' म्हणतो.
खरं कोणतं, चांदी किती धरायची आणि काळपट नाणं चिंचेनं उजळलं तर चालेल का?

वजनकाटा
दुसरं नाणं तिथंच ठेवा. ते स्वतःच्या तोंडानं खोटं बोलतंय. ट्रेड डॉलरच्या मागे गरुडाखाली '४२० ग्रेन्स, ९०० फाइन' असं लिहिलेलं असतं, वाचून बघा. ४२० ग्रेन म्हणजे २७.२२ ग्रॅम. तुमचं नाणं सव्वादोन ग्रॅमनं कमी भरतंय. एवढी झीज झालेल्या नाण्यावर नक्षी ठसठशीत राहूच शकत नाही. शिवाय ट्रेड डॉलर चलनासाठी पाडले ते १८७३ ते १८७८ एवढेच. त्यानंतर १८८५ पर्यंत फक्त संग्राहकांसाठी फिलाडेल्फियाला थोडे प्रूफ (खास चकचकीत पाडलेली नाणी) निघाले आणि त्यांवर अक्षर नसतं. त्यामुळे '१८७९ एस' हे नाणं अस्तित्वातच नाही. चिनी ठशांवर भाळू नका. खऱ्या ट्रेड डॉलरवर चीनमधले व्यापारी तपासणीचे ठसे मारायचे, आपल्याकडे जुन्या रुपयांवर सराफांच्या खुणा दिसतात तसे. पण नकली नाणं बनवणारा ठसेही बनवतो.

मॉर्गन वजनात बसतो. मूळ वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. वापरलेल्या नाण्यात एक-दोन दशांश ग्रॅमची घट चालते. पण नुसत्या वजनावर विश्वास ठेवू नका, घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा, २०० ग्रॅम क्षमतेचा काटा घ्या. त्यावर पाण्यानं निम्मा भरलेला हलका प्लास्टिकचा कप ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा कडेला टेकलं तर आकडा फुगतो, बुडबुडे चिकटले तरीही चुकतो, म्हणून आधी हलकेच हलवा. आता काट्यावर येतो तो बाजूला सारलेल्या पाण्याचा आकडा. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्यानं भागा. ९० टक्के चांदीला सुमारे १०.३ यायला हवं, म्हणजे तुमच्या नाण्याला काटा २.५८ च्या आसपास थांबेल. तांबं-निकेलवर मुलामा असेल तर ३.०० च्या जवळ जाईल.

केनेडी खरा असावा, पण 'शुद्ध' नाही. १९६४ चा ९० टक्के आणि १२.५ ग्रॅमचा. १९६५ ते ७० मधले ४० टक्के आणि ११.५ ग्रॅमचे. म्हणजे यात चांदी ४.६ ग्रॅम, मॉर्गनमध्ये साधारण २४. त्या दिवसाच्या भावानं गुणा. सराफ मोडीत घेताना घट धरून त्याहून कमीच देईल. १९७१ पासूनच्या चलनी अर्ध्या डॉलरांत चांदी नाहीच.

चुंबकवाला
वरच्यात थोडी भर. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, असं समजू नका. तांबं आणि पितळही चिकटत नाही. निओडिमियमचा छोटा चुंबक तिरक्या नाण्यावरून संथ घसरला तर चांगली खूण, पण तांब्यावरही तो संथच घसरतो. निर्णय घनतेवरच घ्या. सराफाच्या टंच काढायच्या यंत्रात वरचाच थर वाचला जातो, जाड मुलामा असला तर यंत्रही फसतं. आणि कसोटीवर घासू देऊ नका, कानस तर मुळीच नाही.

मंगळवारपेठकर
१९२१ चा मॉर्गन दुर्मिळ म्हणून विक्रेता जास्त मागतोय. आणि चिंचेचं राहिलं.

कागदीपुडी
दुर्मिळ? त्या वर्षी एकट्या फिलाडेल्फियात ४ कोटी ४६ लाख ९० हजार पाडले. चांदीच्या किमतीवर थोडंच जास्त द्या. याच डॉलरामागे आपला संबंध मात्र आहे. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीचे रुपये कमी पडले, नोटांच्या बदल्यात रुपये द्यायची पंचाईत झाली. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेनं २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतांश चांदी ब्रिटनमार्फत भारतासाठी विकली. वितळवलेल्याची भरपाई करायला १९२१ मध्ये डॉलर पुन्हा पाडावे लागले. आजीच्या पेटीत १९१८–१९ चे पंचम जॉर्जचे रुपये असतील तर त्यांत मॉर्गनची चांदी असू शकते.

जपून द्यायचे पैसे १८९३ एस साठी ठेवा, ते फक्त १ लाख पाडले. १८८९ सीसी (कार्सन सिटी टांकसाळ) साडेतीन लाख. अर्थात नक्कलही नेमकी त्यांचीच निघते. साध्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर चिकटवलेलं असतं. ते मागच्या बाजूला, पानांच्या तोरणाच्या गाठीखाली असतं. दहापट भिंगातून अक्षराच्या मुळाशी फट किंवा डिंकाची रेघ दिसते का पाहा.

चिंच, रांगोळी, टूथपेस्ट सगळं बंद. काळा थर गेला की त्याबरोबर टांकसाळीची झळाळी जाते, ती परत येत नाही, आणि ओरखडे भिंगात लगेच दिसतात. घासलेल्या नाण्याचा भाव पडतो. काळपटपणा राहू द्या. फक्त पीव्हीसीच्या अल्बममुळे हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. काचेच्या वाटीत दोन-तीन मिनिटं बुडवा, पुसू नका, दुसऱ्या स्वच्छ वाटीत बुडवून हवेवर वाळवा. खिडकी उघडी आणि गॅस बंद.

ठेवायला मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं किंवा ३८ मिमीची कॅप्सूल. ४०.६ मिमीची घेतली तर नाणं आत खुळखुळतं. रबरबँड आणि वर्तमानपत्र नको, त्यांतल्या गंधकानं चांदी काळी पडते. पुण्याच्या पावसाळ्यात झाकणबंद डब्यात निळ्या सिलिका जेलची पुडी ठेवा, गुलाबी झाली की बदला.

एक गोष्ट विकत घेण्याआधीच माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ग्रेडिंगला (नाण्याचा दर्जा ठरवून घ्यायला) परदेशी पाठवायचा बेत असेल तर १९२१ चं नाणंही त्यात बसतं. आधी चौकशी करा, कुरिअरला देऊ नका.

मंगळवारपेठकर
ट्रेड डॉलर रद्द. रविवारी काटा, कप आणि दोरा घेऊन जातो. विक्रेत्यानं पाण्यात बुडवायला नकार दिला तर?

वजनकाटा
मग मॉर्गनही तिथंच ठेवा.