बायोइन्फर्मॅटिक्स ऑनलाइन शिकायचंय, नेमकं कुठून सुरू करू? (लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे)

पिपेटवाली:
नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी झुऑलॉजी दुसरं वर्ष, लातूर. पुढे बायोइन्फर्मॅटिक्समध्ये (कॉम्प्युटरवर डीएनए-प्रोटीनचा डेटा तपासणं) जायचा विचार चाललाय पण आमच्याकडे हा विषय म्हणजे सिलॅबसमधलं एक युनिट, ब्लास्टची (डेटाबेसमध्ये सारखे सीक्वेन्स शोधणारं टूल) व्याख्या लिहा आणि डेटाबेसची नावं पाठ करा, संपलं. यूट्यूबवर बघावं तर एक म्हणतो आधी पायथन, दुसरा म्हणतो आर (दोन्ही प्रोग्रॅमिंगच्या भाषा), तिसरा लिनक्स, एक जण तर डायरेक्ट मशीन लर्निंगच करा म्हणतो. कोर्सेरा, एनपीटेल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) सगळीकडे नावं टाकून ठेवलीयेत आणि सगळीकडे सुरुवातीलाच गाडी अडकते. प्रोग्रॅमिंग शून्य. लॅपटॉप जुना, विंडोज. पैसे भरून कोर्स करणं सध्या जमणार नाही. कोणीतरी क्रम सांगा ना प्लीज.

सह्याद्री_डेटा:
४ जीबीची काळजी करू नकोस, गॅलक्सी नावाची साइट वापर. ब्राउझरमध्ये चालतं, अकाउंट फुकट, गणित सगळं त्यांच्या सर्व्हरवर होतं. त्यांचं ट्रेनिंग नेटवर्क आहे, त्यात डेटासकट धडे दिलेत, सीक्वेन्सिंगचा कच्चा डेटा घ्यायचा, फास्टक्यूसी नावाच्या टूलने क्वालिटी बघायची, जीनोमवर अलाइन करायचा (कुठला तुकडा कुठे बसतो ते जुळवायचं). असं एकदा शेवटपर्यंत करून बघितलं की निदान कळतं हे लोक दिवसभर करतात काय.

जुना_पायथन:
गॅलक्सी चांगलंच आहे, पण नुसती बटणं दाबून पोरं पाइपलाइन (टूल्सची साखळी) चालवतात आणि फास्टक्यू फाइलमध्ये (सीक्वेन्सिंगचा कच्चा डेटा) एका रीडच्या, म्हणजे मशीनने वाचलेल्या एका तुकड्याच्या, चार ओळी का असतात विचारलं की गप्प. ती चौथी ओळ, विचित्र चिन्हांची, ती प्रत्येक अक्षराची क्वालिटी असते. क्यू ३० म्हणजे हजारात एक चूक होण्याची शक्यता, क्यू २० म्हणजे शंभरात एक. एवढं माहीत नसेल तर फास्टक्यूसीचा लाल-हिरवा ग्राफ बघून उपयोग काय?

माझं मत विचारशील तर सगळे कोर्स बाजूला ठेव आणि एकच छोटी फाइल पूर्ण ओळखीची करून घे. एनसीबीआयवर (अमेरिकेचा फुकट जीन डेटाबेस) जाऊन कोरोनाचा रेफरन्स जीनोम फास्टा फॉरमॅटमध्ये (साधी टेक्स्ट फाइल) उतरव. २९,९०३ अक्षरं, फाइल साधारण एका छोट्या फोटोपेक्षाही लहान, तुझा लॅपटॉप हसत हसत उघडेल. आधी नोटपॅडमध्येच उघडून नुसतं बघ, वरची ओळ नावाची, खाली अक्षरं, शेवटी ए ए ए ची रांग. मग पायथनमध्ये वाच (इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये पायथन चालवणारं गूगल कोलॅब आहे) आणि अक्षरं मोज. आकडा २९,९०३ च्या वर आला तर नावाची ओळ किंवा ओळींच्या शेवटची एंटर पण मोजली गेलीयेत, ती काढायला शिकशील.

पुढचं काम स्पाइकचं (व्हायरसवरच्या काट्यांच्या प्रोटीनचं) जीन कापून काढणे. डेटाबेसमध्ये त्याची जागा २१५६३ ते २५३८४ दिलीये. पण डेटाबेस १ पासून मोजतो आणि पायथन ० पासून, म्हणून सुरुवातीला २१५६२ द्यायचं आणि शेवट तसाच २५३८४ ठेवायचा. बरोबर कापलं असेल तर तुकडा एटीजीने सुरू होतो, टीएएने संपतो, लांबी ३८२२. त्याला तीनने भागलं की १२७४ कोडॉन (तीन अक्षरांचा गट, एका अमिनो ॲसिडसाठी), शेवटचा स्टॉप सोडला तर १२७३ अमिनो ॲसिड. एटीजीच्या जागी टीजीटी दिसलं तर समजायचं एका घराने घसरलो. आणि ही ० आणि १ ची भानगड आयुष्यभर पाठ सोडत नाही, जीनोममधल्या जागा लिहायच्या फाइल्सपैकी बेड फाइल ० पासून मोजते, जीएफएफ आणि व्हीसीएफ १ पासून, भल्याभल्यांचे निकाल त्यात एका घराने सरकतात.

सरावाला रोझलिंड नावाची साइट आहे, रोझलिंड फ्रँकलिनच्या नावाची. पहिलं गणित फक्त ए सी जी टी किती वेळा आले ते मोजायचं, मग डीएनएचा आरएनए, मग रिव्हर्स कॉम्प्लिमेंट (समोरचा धागा उलटा वाचणं), असं चढत जातं. बायोलॉजी तुला येतेच त्यामुळे फक्त कोडशीच झगडायचंय. लिनक्स लागेल तेव्हा विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाक.

पी_व्हॅल्यू_पीडित:
सगळे कोडबद्दल बोलतायत आणि स्टॅटिस्टिक्सचं कोणी नावच काढत नाही, नेहमीचंच आहे हे. माणसाची प्रोटीन बनवणारी जीन्स साधारण २०,००० धर. प्रत्येकावर (फरक खरा की योगायोग ते बघणारी) टेस्ट लावली आणि पी व्हॅल्यूची ०.०५ ची रेघ ठेवली तर काहीही फरक नसताना सुद्धा हजारभर जीन्स "सिग्निफिकंट" येणार. हे समजल्याशिवाय आरएनए सीकच्या (कुठलं जीन किती चालू आहे ते मोजणं) वाटेला जाऊ नको. आर त्यासाठीच शिकायचं, बायोकंडक्टर (जीन डेटासाठीची पॅकेजेस) तिथेच आहे.
आणि जीन्सची यादी एक्सेलमध्ये उघडायची नाही म्हणजे नाही. मार्च१, सेप्ट२ अशी नावं ते गुपचूप तारखा करून टाकतं. शेवटी वैतागून २०२० मध्ये नाव देणाऱ्या कमिटीने जीन्सचीच नावं बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं. तेव्हा एक्सेल नाही बदललं, जीनचं नाव बदललं!!

पिपेटवाली:
बापरे, थँक्यू सगळ्यांना 🙏 दादा फाइल उतरवली, स्पाइकचा तुकडा एटीजीनेच सुरू झाला, लांबी पण ३८२२ च. दोन शंका आहेत. हा आरएनए व्हायरस ना, मग फाइलमध्ये यू कुठेच नाही, सगळीकडे टी का? आणि एनपीटेलचं सर्टिफिकेट घेऊन ठेवू का?

जुना_पायथन:
मस्त. सीक्वेन्सिंग करताना बहुतेक वेळा आरएनएचा आधी सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए कॉपी) करतात, आणि डेटाबेसमध्ये आरएनए असला तरी टी लिहायचीच पद्धत आहे. त्यामुळे घाबरू नको, कोडॉन टेबल वापरताना टीचं यू समजायचं.
आता २३४०३ नंबरचं अक्षर बघ, ए असेल. त्याच्या आजूबाजूचा कोडॉन जीएटी, म्हणजे ॲस्पार्टिक ॲसिड. त्या एचं जी कर आणि परत ट्रान्सलेट कर, ६१४ नंबरवर ग्लायसिन येईल. २०२० मध्ये बातम्यांत गाजलेलं डी६१४जी म्युटेशन ते हेच.

सह्याद्री_डेटा:
एनपीटेलचे व्हिडिओ फुकट बघता येतात, फी फक्त परीक्षेची. कॉलेज क्रेडिट देत असेल तर परीक्षा दे, नाहीतर तेवढ्यात तू केलेलं हे स्पाइकचं काम गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवायची साइट) टाक, वर चार ओळीत काय केलं ते लिहून. इंटरव्ह्यूला मी तरी त्यावरच प्रश्न विचारेन. आणि ह्यूमन जीनोमवर स्टार अलाइनर (रीड जीनोमवर जुळवणारा प्रोग्रॅम) वगैरे घरच्या लॅपटॉपवर ट्राय करू नकोस हां, त्याला ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, ते काम गॅलक्सीवरच.