जुनी पिकअप: कधी सेल्फ घेत नाही, कधी घाटात बंद पडते. पंप काढू का?

टोमॅटोवाला
नमस्कार मंडळी. गाडी 2006 ची डिझेल पिकअप. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद त्यावरच जातील. इंजिनाला डिझेल देणारा पंप मेकॅनिकल, ना सेन्सर ना कॉम्प्युटर. ओतूरहून कल्याण मार्केटला माल टाकतो, आठवड्याला तीन फेऱ्या.

तीन महिन्यांपासून दोन प्रकार चाललेत. कधी चावी फिरवली की नुसतं 'टक्'. सेल्फ फिरतच नाही. चार-पाच वेळा टकटक केल्यावर मग अशी सुरू होते की जणू काही झालंच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे चालता चालता बंद पडते. पंधरा मिनिटं थांबून डिझेल फिल्टरवरचा हँडपंप मारला की परत चालू. गॅरेजला नेली की शहाण्या मुलासारखी वागते, एकदाही बंद पडत नाही!

आतापर्यंत बॅटरी नवी, सेल्फचे कार्बन (आतले ब्रश) नवे, डिझेल फिल्टर दोनदा, नोझल चेक. आता मिस्त्री म्हणतो पंप उतरवावा लागेल, 18 हजार खर्च. करू का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

जुनं_ते_सोनं_नाही
विकून टाका. एवढी जुनी गाडी आणि 18 हजार, हिशोब सोपा आहे.

टोमॅटोवाला
दादा, विकली तर नव्याचा हप्ता तुम्ही भरणार का? 🙂 चेसिस ठणठणीत आहे.

बारा_तेरा_पाना
पंपाला हात लावू नका अजून. आधी थोडी माहिती द्या.

बंद पडते ती कशी? पंख्याचं बटण दाबावं तशी एका क्षणात, की आधी गचके खात, ओढ कमी होत? बंद पडताना मीटरवरचे दिवे पेटतात की डॅशबोर्डच मरतो? कुठे पडते, चढाला की उताराला, भरलेली असताना की रिकामी? आणि टाकीत डिझेल किती असतं तेव्हा?

खटकन बंद पडली तर करंट बघायचा. तुमच्या पंपावर एक कटऑफ सोलेनॉइड (विजेवर उघडणारा डिझेलचा व्हॉल्व्ह) असतो, त्याला 12 व्होल्ट मिळतात तोवरच डिझेल पुढे जातं. त्याची वायर ढिली असेल तर खड्ड्यात गाडी मेली म्हणून समजा. गचके खात मेली तर डिझेल कमी पडतंय किंवा लाईनमध्ये हवा येतेय. या इंजिनाला चालू राहायला बाकी कसलीच वीज लागत नाही, त्यामुळे वाटा दोनच.

टोमॅटोवाला
गचके खातच मरते. दिवे पेटलेले असतात. आणि तुम्ही विचारलंत म्हणून डोक्यात आलं, जाताना माल भरलेला असताना कधीच नाही! परतीला, रिकामी असताना, मोरोशी सोडून माळशेजचा चढ लागला की. टाकीचं सांगायचं तर परतीला काटा पावच्या आसपास असतो. आळेफाट्याला उधारी आहे, तिथेच भरतो.

कोयनाकाठ
आमचं गॅरेज होतं, बाबांच्या हाताखाली मी बारावीपर्यंत काळी झालेली आहे, म्हणून लिहितेय. तुम्ही दोन आजारांना एकच नाव दिलंय. 'टक्' वेगळं आणि घाटातलं वेगळं.

'टक्' चं आधी. बॅटरी नवी, कार्बन नवे, तरी टक्. मग मधली वाट बघा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाकडे आणि चेसिसकडे जाणारी जाडी अर्थिंगची पट्टी कोणी कधी उघडली आहे का? तिच्या बोल्टखाली गंज आणि ऑइलची मळी बसते. वरून चकचकीत दिसते, आतून पांढरी-हिरवी भुकटी.

मल्टिमीटर दोनशे-तीनशेला मिळतो. डीसी 20 वर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. 0.2-0.3 च्या आत आलं तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर चोर सापडला. मात्र 'टक्' होईल तेव्हाच मोजा, नीट सुरू होताना मोजून उपयोग नाही.

मीटर नसेल तर जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या हुकला लावा. लगेच सुरू झाली तर तेच.

सांगलीकर_वायरमन
ताईंशी सहमत. त्यात एक भर. अर्थिंग बरोबर निघालं तर सेल्फच्या बारीक वायरला टेस्ट बल्ब लावा. चावी फिरवल्यावर बल्ब मिणमिणला तर चावीचा स्विच घासलाय. जुन्या गाडीत सेल्फच्या सोलेनॉइडचा करंट थेट चावीतूनच जातो, मी तिथे रिले टाकून देतो, म्हणजे चावीवर भार येत नाही.

आणि एकदम दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नवे कार्बन पुन्हा जळतील.

घाटमाथा
माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या टेम्पोचं असंच व्हायचं, शेवटी पंपच निघाला. उगाच इकडे तिकडे पैसे घालवण्यापेक्षा एकदाच पंप करून घ्या.

बारा_तेरा_पाना
घाटमाथा, तुमची गाडी गरम झाल्यावर सुरू व्हायला नखरे करायची का? सकाळी एका सेल्फला आणि दुपारी चहाला थांबलं की अजिबात नाही?

घाटमाथा
हो. बरोबर. गार पाण्याचं फडकं टाकायचो पंपावर, मग व्हायची.

बारा_तेरा_पाना
हीच तर पंप झिजल्याची खूण. आतलं हेड झिजलं की गरम डिझेल पातळ होऊन सेल्फच्या स्पीडला प्रेशरच बनत नाही. टोमॅटोवाल्यांची गाडी तशी नाही. ती गरम असतानाच हँडपंप मारला की चालू होते. म्हणजे पंपाला डिझेल दिलं तर पंप काम करतोय, त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

टाकीपासून पंपापर्यंतची लाईन ओढीवर असते. तिथे बारीक भोक असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली ओघळ शोधून काही सापडत नाही आणि गॅरेजवाला 'लीक नाही' म्हणून मोकळा होतो.

आता सोपी चाचणी. फिल्टर ते पंप या पाईपच्या जागी डिझेल चालणारा पारदर्शक पाईप लावा, हातभर पुरे, क्लिपा नव्या. टाकी पावच ठेवा, भरू नका. घराजवळ उतार असेल तिथे तोंड वर करून उभी करा आणि रेस द्या. बुडबुडे दिसले तर मग पाच लिटरचा कॅन बॉनेटजवळ, फिल्टरपेक्षा खालच्या पातळीला बांधा, सायलेन्सरच्या पाईपपासून लांब, आणि लाईन टाकीऐवजी कॅनमध्ये सोडा. बुडबुडे गेले तर दोष कॅनच्या मागे, म्हणजे टाकीकडे. राहिले तर फिल्टरचं बूड, तांब्याचे वॉशर, हँडपंपाचं रबर बघा. हे उभ्या गाडीवरच, कॅन बांधून रस्त्यावर नाही.

टाकीचं झाकणही बघा. बंद पडल्यावर झाकण उघडताना 'स्स्' आवाज आला तर हवेचं भोक बुजलंय.

कोयनाकाठ
आणि हे होईपर्यंत टाकी अर्ध्याच्या खाली आणू नका, उधारी कुठेही असो. माळशेजला पावसाळ्यात धुक्यात हात दिसत नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं. चढाला मागे घसरायला लागली तर कळणारही नाही.

टोमॅटोवाला
चार दिवसांनी लिहितोय, माफ करा, टोमॅटोचा तोडा चालू होता.

'टक्' चं: पुतण्याला चावीवर बसवलं. सात वेळा नीट सुरू झाली, आठव्याला टक्. मीटरवर 1.9! पट्टी सोडवली तर इंजिनाकडच्या बाजूला अर्ध्या तारा तुटलेल्या, वरच्या काळ्या टेपमुळे दिसतच नव्हत्या. ती टेप मीच दोन वर्षांपूर्वी गुंडाळली होती, कोणाला बोलू? नवी पट्टी, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासला. आता 0.15. तीन फेऱ्या झाल्या, एकदाही टक् नाही.

सांगलीकर_वायरमन
वा! बोल्टवर थोडं ग्रीस लावा, परत गंजणार नाही.

टोमॅटोवाला
लावलं. आता घाटातलं. पारदर्शक पाईप टाकला. सपाटीला स्वच्छ. गोठ्याच्या रॅम्पवर तोंड वर करून उभी केली आणि दोन मिनिटांत पाईपमध्ये सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. कॅन लावला तर एकही नाही. वीस लिटर डिझेल ओतलं, परत टाकीवर घेतली, तरी नाही!

टाकी खाली घेतली. आत ओढणारी लोखंडी नळी असते ती बुडापासून चार बोटांवर गंजून सुईएवढं भोक पडलेलं. नळी टाकीच्या पुढच्या बाजूला आहे. चढाला डिझेल मागे सरकतं, भोक उघडं पडतं, हवा घेतं. भरलेल्या टाकीत ते बुडालेलं असायचं. माल भरून निघताना मी टाकी भरतो, म्हणून जाताना काही नाही. तळाच्या जाळीवर शेवाळासारखी काळी मळी होती, ती वेगळीच.

बारा_तेरा_पाना
नळी काढून रेडिएटरवाल्याकडे न्या, पितळेने भरून देईल. टाकीला मात्र कोणालाही गॅस वेल्डिंग लावू देऊ नका, रिकामी असली तरी. आणि तळातलं पाणी काढून मग बसवा, पाऊस-थंडीत अर्ध्या टाकीत ओल धरतेच.

टोमॅटोवाला
तसंच केलं. नळीचे 250, पट्टीचे 180, पाईप-क्लिपा धरून सहाशेच्या आत. काल मुद्दाम पाव टाकीवर माळशेज चढलो, मुलगा बॅटरी मारून पाईपकडे बघायला सोबत होता. वरच्या बोगद्यापर्यंत एक गचका नाही. मिस्त्रीला अजून सांगितलं नाही, त्याच्याकडे क्लचचं काम बाकी आहे.

फक्त टाकी बसवल्यापासून डिझेलचा काटा फुल्लवरच उभा आहे, हलत नाही. फ्लोट (टाकीतला, काटा हलवणारा तरंगता तुकडा) उलटा बसला असेल का? त्यासाठी नवा धागा काढू की इथेच विचारू?