काकू, करंगळीला मुंग्या येतात का?

ग्रुप: ए + बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

मंगळवार

५:४८ जोशीकाकू ए-४०२: आज परत अडीचला उठले. उजवा हात लाकडासारखा. दहा मिनिटं गॅलरीत उभी राहून हात झटकत होते. एकवीस दिवस लिफ्ट बंद. गव्हाची पिशवी चार मजले मी चढवली, ह्यांच्या गुडघ्यांचं सगळ्यांना ठाऊक आहे. हाताचं हे लिफ्टमुळेच झालंय. कमिटीने उत्तर द्यावं.

६:१५ देशपांडेकाका ए-१०१: सुप्रभात. वहिनी, बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी माणसांत हमखास कमी निघतं. माझं १४० आलं होतं.

६:४० कदम (सेक्रेटरी): जोशीकाकू, आपल्या तब्येतीची काळजी वाटते. परंतु लिफ्टचा पार्ट यायचा आहे, हे ३ तारखेच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं आहे. कृपया तब्येत आणि लिफ्ट यांची सरमिसळ करू नये.

६:४४ मंदार बी-४०३: साहेब, ३ तारीख कुठल्या महिन्याची तेही लिहा 😀

७:०२ रेवती बी-१०४: काकू, एकच सांगा. करंगळीला मुंग्या येतात का?

७:०५ केळकर मॅडम ए-२०४: मानेचं असणार. माझ्या नणंदेला अगदी हेच. मणक्यात गॅप निघाली. उशी आजपासून बंद करा.

७:०९ शिंदेकाकी ए-३०३: डावा हात असता तर हार्टचं म्हटलं असतं. उजवा आहे ना, मग निर्धास्त राहा.

७:१३ रेवती बी-१०४: शिंदेकाकी, तसं नसतं हो. हार्टचं दुखणं उजव्या हातातही जाऊ शकतं. पण त्यात बहुधा छातीवर दाब येतो, घाम फुटतो, दम लागतो. हात झटकला की जातात त्या मुंग्या वेगळ्या. काकू, करंगळीचं राहिलं.

७:१५ देशपांडेकाका ए-१०१: बी-१२.

७:२० मंदार बी-४०३: काही फ्लॅटना मेंटेनन्स ट्रान्सफर करताना सात महिने बोटं बधिर होतायत. त्यावर काय औषध?

७:२१ शिंदेकाकी ए-३०३: कोणाला उद्देशून आहे हे?

७:२१ मंदार बी-४०३: मी नंबर लिहिला का?

७:२४ शिंदेकाकी ए-३०३: आमच्या गळतीचं काम वरच्यांनी करून दिलं की त्याच दिवशी भरू. वरचे कोण हे सगळ्या ग्रुपला माहीत आहे.

७:२६ जोशीकाकू ए-४०२: गळती आमची नाही. प्लंबरने सांगितलंय. आणि माझा हात दुखतोय, ह्यात तो विषय आणू नका.

७:३० रेवती बी-१०४: काकू, करंगळी?

८:१० बापटकाकू बी-१०२: बोलू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. आमच्या ह्यांचा हात गेल्या दिवाळीत सकाळी अचानक सुन्न पडला. आम्ही म्हटलं हात उशाशी घेऊन झोपले असतील. तेल चोळत बसलो. दुपारी बोलणं जड झालं तेव्हा निघालो. डॉक्टर म्हणाले, गाठ विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली. आता पाय ओढत चालतात ते तुम्ही बघताच. अचानक एका बाजूचं सुन्न झालं, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले, तर तेल नाही, सरळ १०८.

८:१२ देशपांडेकाका ए-१०१: 🙏

८:१३ मंदार बी-४०३: 🙏

८:१४ कदम (सेक्रेटरी): बापटकाकू, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. हा मेसेज पिन करतो.

८:३१ जोशीकाकू ए-४०२: माझं तसं नाही बाई. रोज रात्री येतं, झटकलं की जातं. पोळ्या लाटताना येतं, फोन धरला की येतं. खरं सांगायचं तर दसऱ्यापासून आहे, आता जास्त झालंय.

८:३३ कदम (सेक्रेटरी): सर्वांनी नोंद घ्यावी. दसऱ्यापासून. दसऱ्याला लिफ्ट चालू होती.

८:३४ मंदार बी-४०३: वा साहेब. वकील व्हायला हवं होतंत.

८:३५ ॲड. गोखले बी-२०१: वकिलांना मध्ये घेऊ नये.

८:४० केळकर मॅडम ए-२०४: माझं कोणी ऐकत नाही, पण मानेचा एमआरआय करून टाका. एकदाचं कळेल.

८:४९ रेवती बी-१०४: केळकरकाकू, पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एमआरआयमध्ये काहीतरी निघतंच. त्यावरून हाताचा निकाल लावता येत नाही. मानेचं असेल तर बहुधा मान दुखते, कळ खांद्यावरून खाली उतरते, मान वळवली की वाढते. आणि बोटं कोणती ते आधी कळू द्या. काकू, करंगळीला मुंग्या येतात का? पाचव्यांदा विचारतेय 😊

८:५० देशपांडेकाका ए-१०१: चौथ्यांदा. मी मोजतोय. आणि बी-१२.

९:२० पाटीलवहिनी ए-१०३: आपल्या रामभाऊंच्या हातालाही असंच बधिर होतं ना? त्या चट्ट्याच्या वेळी?

९:२२ केळकर मॅडम ए-२०४: तो विषय बंद झालेला आहे.

९:२४ पाटीलवहिनी ए-१०३: बंद कसा? मी फक्त हाताचं विचारलं.

९:३१ ॲड. गोखले बी-२०१: आता विषय निघालाच आहे तर मीटिंगमध्ये नसलेल्यांसाठी सांगतो. रामभाऊंच्या हातावर फिकट चट्टा होता. त्यावर गरम चहा सांडला तरी कळलं नाही. करंगळी बधिर, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड झालेली. कुष्ठरोगाचं निदान झालं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट, बारा महिने घेतलं, बरे झाले. गोळ्या सुरू झाल्या की संसर्गाची भीती फार लवकर संपते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तरी काही सभासदांनी त्यांना काढा म्हणून सह्या गोळा केल्या. घटस्फोटाच्या कारणांमधून कुष्ठरोग २०१९ साली संसदेने काढला. आपल्या गेटपर्यंत ते पोहोचायला जरा वेळ लागला.

९:३३ केळकर मॅडम ए-२०४: घरात लहान नातवंडं होती. ज्याचं जळतं त्याला कळतं.

९:३४ केळकर मॅडम ए-२०४: हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

९:४० कदम (सेक्रेटरी): सर्वांना विनंती, विषयाला धरून बोलावं.

९:४१ मंदार बी-४०३: विषय लिफ्ट होता.

११:०५ जोशीकाकू ए-४०२: आत्ता पाहिलं सगळं. रेवती, करंगळीला नाही येत. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट. अनामिकेला अर्धवट, मधल्या बोटाच्या बाजूने.

११:०६ मंदार बी-४०३: 🥁🥁🥁

११:१८ रेवती बी-१०४: देवा, धन्यवाद. मग बहुतेक मनगटाचं आहे काकू. कार्पल टनेल म्हणतात. मनगटात हाडं आणि वरचा जाड पट्टा यांच्यात एक बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. आत सूज आली की सगळ्यांत मऊ ती नस, तिचा चिमटा बसतो. करंगळीची नस त्या बोगद्यातून जातच नाही, म्हणून एवढं डोकं खाल्लं तुमचं. झोपेत आपण मनगट दुमडतो, म्हणून रात्री उठावं लागतं. कपबशी हातातून निसटते का?

११:२५ जोशीकाकू ए-४०२: परवाच फुटली एक. सेट मोडला.

११:३४ रेवती बी-१०४: मग आठवडा-पंधरवडा काढू नका, हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी धरून बघा. उजवा बसलेला दिसला तर अजिबात थांबू नका. ते नसेचा करंट तपासतात, एनसीव्ही म्हणतात, थोडे झटके बसतात. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. तो सहा आठवडे तरी नेमाने लावायचा, दोन दिवसांत फेकून द्यायचा नाही. त्याने भागलं नाही तर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन, त्याने काही महिने बरं वाटतं पण पुष्कळांचं परत येतं. नस दबतच राहिली तर बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापायचं छोटं ऑपरेशन, फक्त हात बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांचं.

११:३६ शिंदेकाकी ए-३०३: बधिर हात बरा करायला हात बधिर करायचा. छान.

११:४१ रेवती बी-१०४: आणि काकू, साखर नि थायरॉइड बघून घ्या. थायरॉइडची गोळी चालू आहे ना?

११:५८ जोशीकाकू ए-४०२: गोळी संपली. लिफ्ट बंद झाल्यापासून केमिस्टकडे उतरलेच नाही.

११:५९ मंदार बी-४०३: 😳

१२:०० मंदार बी-४०३: कदमसाहेब, नोंद घ्यावी.

१२:०७ रेवती बी-१०४: सुरुवात दसऱ्याची आहे, त्यामुळे सगळं लिफ्टवर नाही ढकलता येणार. पण थायरॉइड कमी पडलं की अंगाला सूज धरते, त्या बोगद्यातही. गोळी आजच आणा.

१२:०९ पाटीलवहिनी ए-१०३: मी आणते. जोशीवहिनी, चिठ्ठीचा फोटो टाका. इथे नको, मला टाका.

१२:१५ देशपांडेकाका ए-१०१: बी-१२चं कोणी काहीच बोललं नाही.

१२:२२ रेवती बी-१०४: काका, तुमचं चुकत नाही. पण बी-१२चं आणि साखरेचं असेल तर मुंग्या बहुधा दोन्हीकडे येतात आणि तळपायापासून सुरू होतात. तुम्ही साखरेची मेटफॉर्मिन दहा वर्षं घेताय, त्यानेही बी-१२ उतरतं, म्हणून तुमचं १४० आलं. फक्त त्या बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षं घेऊ नका, त्यातलं बी-६ जास्त झालं तर त्यानेच मुंग्या येतात.

१२:२४ देशपांडेकाका ए-१०१: हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

१२:२५ देशपांडेकाकू ए-१०१: मी सांगितलं होतं.

४:५० कदम (सेक्रेटरी): रेवती मॅडम, नमस्कार. जरा खाजगी आहे. मला करंगळीलाच येतात. आणि तिच्या शेजारच्या बोटाला. दोन महिने झाले. गंभीर काही नाही ना?

४:५१ मंदार बी-४०३: साहेब, हा ग्रुप आहे.

४:५२ कदम (सेक्रेटरी): हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

४:५८ रेवती बी-१०४: वाचला मी 😊 ते कोपराचं असू शकतं. कोपर आपटलं की झिणझिणी येते ना, तीच नस. तुम्ही टेबलावर कोपर टेकून तासन् तास फोन कानाला लावता. हेडफोन घ्या, आणि झोपताना कोपराला टॉवेल सैलसर गुंडाळा म्हणजे दुमडणार नाही. पकड कमी वाटली किंवा महिन्याभरात उतरलं नाही तर दाखवा.

५:०१ शिंदेकाकी ए-३०३: लिफ्टवाल्याला फोन करून करून झालं म्हणायचं.

५:०२ मंदार बी-४०३: उचलतो का तो?

पुढच्या सोमवारी

३:३६ जोशीकाकू ए-४०२: पट्टा लावून झोपते रोज. एनसीव्ही गुरुवारी आहे. आज अडीचला नाही, साडेतीनला उठले. लिफ्टचं काय झालं?

३:३८ कदम (सेक्रेटरी): काकू, पार्ट आलाय. माणूस यायचा आहे.

३:३९ जोशीकाकू ए-४०२: तुम्ही का जागे?

३:४१ कदम (सेक्रेटरी): टॉवेल सुटला.