फौजेतल्या भावाला (पत्ता ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) दिवाळीचा फराळ पाठवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. यंदा त्याला दिवाळीची सुट्टी नाही, म्हणजे भाऊबीजही हुकणार. त्याच्या वाटणीचा फराळ त्याला पोचलाच पाहिजे, असा आईचा हट्ट आहे आणि माझाही.

मागच्या वर्षी गावातल्या एका कुरिअरवाल्याकडे खोकं दिलं होतं. आठ दिवसांनी ते जसंच्या तसं परत आलं, एपीओच्या पत्त्यावर आमचं जात नाही म्हणाला. मग पोस्टाने पाठवलं. घाईत लोणच्याची बरणी चकल्यांशेजारीच ठेवली, झाकण सैल झालं आणि तेल सगळीकडे पसरलं. चकल्यांचा तर भुगाच झाला. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, चव आईच्याच हातची आहे, चमच्याने खाल्ल्या." फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना.

यंदा हाताशी सव्वा महिना आहे. चकल्या आणि करंज्या शाबूत पोचतील अशा कशा भरू? पत्त्यात गाव, राज्य लिहायचं का? आई म्हणते पार्सल मांजरपाटात शिवून लाखेची मोहोर लावावी लागते, अजून तसंच आहे का? त्याला सेंटची बाटलीही पाठवायची आहे.

प्रतिसाद
ताई, मी २२ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. गाव, राज्य अजिबात लिहू नका. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, केअर ऑफ ९९ एपीओ आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन, एवढंच. युनिट हललं तरी टपाल त्याच्या मागे जातं. ५६ एपीओचं टपाल दिल्लीहून आणि ९९ चं कोलकात्याहून पुढे निघतं, तिथून डोंगरात जायला वेळ लागतो. म्हणून आत्ताच पाठवा. स्पीड पोस्टने करा आणि पावती जपून ठेवा. कापड शिवायची गरज नाही, जाड खोकं आणि रुंद चिकटपट्टी पुरते. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका. सेंट नको, ज्वालाग्राही वस्तू पोस्टात चालत नाहीत. आणि एक सांगतो, डबा एकट्याचा नसतो, अख्खी बॅरेक वाट बघते. थोडं जास्तच भरा.

प्रतिसाद
पत्र्याचा बिस्किटांचा डबा घे. चकल्या पूर्ण गार झाल्यावर एकावर एक रचून चार-पाचच्या चळती बटर पेपरमध्ये गुंडाळ, उभ्या लाव आणि फटींत चिवड्याच्या छोट्या पुड्या दाबून बसव. झाकण लावून डबा कानाशी हलव. खडखड ऐकू आली तर आणखी भर. करंज्या सुक्या खोबऱ्याच्याच कर, ओल्या नारळाच्या दोन दिवसांत आंबतील. बेसनाचे लाडू छान टिकतात, मात्र तूप बेताचं घाल. लोणचं या खेपेला राहू दे.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल पाच चकल्या डब्यात भरून डबा ओट्यावरून खाली टाकून पाहिला. एकच मोडली, तीही वरची, तिथे पुडी कमी पडली होती. काका, तुम्ही लिहिलंत म्हणून भावाकडून पत्ता पुन्हा मागवला. माझ्या वहीत पिनचा शेवटचा आकडा चुकीचा होता. सोमवारी भाजणी दळायला देते.