७ आणि ८ मधला गुलमोहर

बंगला ८: रात्रीच्या वाऱ्यात ७ नंबरच्या गुलमोहराची फांदी आमच्या कुंपणावर कोसळली. तार लोळतेय, दोन लाकडी खांब मोडलेत. फोटो टाकलेत. भरपाईचं आजच ठरू दे.

बंगला ७: काका, वाईट वाटतंय. पण वारा काय मी सोडला? मागच्या वर्षी फांद्या उतरवतो म्हटलं तेव्हा सावली जाईल म्हणून तुम्हीच अडवलंत.

बंगला ८: (हा मेसेज डिलीट केला आहे)

बंगला ११: काका, वाचला मी. डिलीट केलंत ते बरं केलंत.

सेक्रेटरी: आधी सांगा, खोड कुणाच्या हद्दीत आहे?

बंगला ८: कुंपणाच्या पलीकडे, म्हणजे त्यांच्याच.

सेक्रेटरी: कुंपण म्हणजे हद्द नव्हे हो. खड्ड्यात दगड लागला की खांब हातभर सरकवतात, आणि पुढे तीच रेघ सगळे खरी धरतात. मोजणीचा नकाशा काढा, हद्दीच्या दगडापासून टेप धरा. खोड रेषेवरच निघालं तर निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा.

बंगला ३: फोटो मोठा करून पाहिला. फांदी तुटली तिथे आतून काळं, भुसभुशीत आहे आणि शेजारी जुना खुंट दिसतोय. कधीतरी कुणीतरी अर्धवट छाटली, खुंट कुजला, कूज आत उतरली. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. पण काका, खांबही जमिनीलगतच मोडलेत. ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात, म्हणून लाकूड आधी तिथे कुजतं. जरा नखाने टोकरून बघा.

बंगला ८: बघितलं. एकाचा भुसा झालाय. दुसरा मात्र ठणठणीत होता.

बंगला ७: मग दुसरा माझ्याकडे लागला. तार अर्धी-अर्धी?

बंगला ८: तार चालेल. पण झाडच काढून टाका. मुळं आमच्या बाजूला आलीत, तीही तोडतो.

बंगला ३: काका, मुळांना हात लावू नका! झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे पसरतात. गुलमोहराची तर आणखीच उथळ. खोडाजवळची जाड मुळं एका बाजूने तोडलीत तर पुढच्या वादळात अख्खं झाड येईल, आणि ते कुणाच्या घरावर पडेल ते सांगता येत नाही. नवे खांब रोवताना सलग चर नको, हाताने सुटे खड्डे घ्या. जाड मूळ लागलं तर खांब सरकवा.

बंगला ७: छाटणीचं काय?

बंगला ३: पालिकेची परवानगी आधी. मग जाणता माणूस बोलवा, नुसता कोयतेवाला नको. जड फांदीला खोडापासून फूटभरावर आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, नाहीतर साल खोडापर्यंत सोलली जाते. उरलेला तुकडा बुडाशी फुगवटा असतो त्याच्या लगेच बाहेर कापायचा. फुगवटा शाबूत असेल तरच जखम भरते. आणि एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त नको.

सेक्रेटरी: ठरलं ते कागदावर लिहा, दोघांच्या सह्या. रविवारी सकाळी मोजणी. टेप कुणाकडे आहे?

बंगला ११: टेप माझा आहे, पण गेली दोन वर्षं तो ८ च्या काकांकडे आहे.

बंगला ८: आणतो.