छाती 42, सीट 46: कुर्ती आणि पैठणीचा ब्लाउज नीट बसावा म्हणून टेलरला काय सांगायचं?

मधुरा_कोथरूड:
नमस्कार. उंची 5 फूट 2 इंच, छाती 42, कंबर 36, सीट (नितंबांचा घेर) 46, सगळं इंचांत. हिंजवडीला ऑफिस आहे, त्यासाठी रोजच्या कुर्त्या हव्यात. शिवाय मार्गशीर्षातल्या एका लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाउज शिवायचा आहे.

तयार कुर्ती 42 ची घेतली की छातीवर ताणते, पण गळा पुढे लोंबतो आणि खांदे उतरतात. बाजूचे कट सीटवर फाकतात. 44 घेतली तर कमरेत गोणपाट. चार टक्सचा (आकार देण्यासाठी कापड दुमडून घातलेल्या शिवणींचा) ब्लाउज पुढून वर सरकतो आणि पाठीत चुण्या पडतात. अंग झाकून टाकायचं नाहीये, आहे ते छान दिसायला हवंय. टेलरला नेमकं काय सांगू? कापड कोणतं घेऊ, आणि पुण्यात कुठून?

सुईदोरा:
मधुराताई, तुम्ही दिलेल्या मापांत सगळ्यात महत्त्वाचं मापच नाही. वरची छाती घ्या: टेप काखेतून, उभाराच्या वरून, पाठीत सरळ फिरवायची. मग नुसत्या पाठीचं माप, काखेखालच्या एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. तिसरं टक्स पॉइंट, म्हणजे खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून उभाराच्या टोकापर्यंत, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर. शोल्डर हाडापासून हाडापर्यंत. दंडघेरही लिहा.

मापं घेताना ब्लाउजखाली घालणार तीच ब्रा अंगात हवी. तिचा मागचा पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे, म्हणजे उभार पट्ट्याऐवजी खांद्यावर तोलला जातोय. अशा वेळी पट्टा एक नंबर खाली आणि कप एक अक्षर वर घ्यायचा, उदाहरणार्थ 38 सी ऐवजी 36 डी. हे आधी करा. ब्रा बदलली की टक्स पॉइंट अर्धा-पाऊण इंच सहज वर येतो आणि जुन्या मापाचा ब्लाउज वाया जातो.

मधुरा_कोथरूड:
ब्रा तपासली, पट्टा घट्ट आहे. वरची छाती 38, पाठ 19, टक्स पॉइंट साडेदहा, दोन टोकांत अंतर 8, शोल्डर साडेचौदा, दंडघेर 14.

सुईदोरा:
आता दुखणं दिसलं. बहुतेक टेलर छातीचं माप घेऊन त्याचे चार सारखे भाग करतात: 42 भागिले 4, साडेदहा. पुढच्या अर्ध्या भागाला साडेदहा आणि मागच्या अर्ध्या भागालाही साडेदहा. पण तुमची पाठ 19 आहे, म्हणजे मागच्या अर्ध्याला साडेनऊच लागतात. उरलेले 23 पुढे, म्हणजे पुढच्या अर्ध्याला साडेअकरा. सरसकट कापलेल्या ब्लाउजमध्ये पाठीत एकूण 2 इंच कापड फालतू राहतं आणि पुढे तेवढंच कमी पडतं. पाठीतल्या चुण्या आणि छातीवरचा ताण ही एकाच चुकीची दोन टोकं.

खांद्याचंही तेच. शोल्डर आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) छाती 42 वरून काढला की दोन्ही मोठे होतात. म्हणून टेलरला सांगायचं की शोल्डर, गळा आणि मुंढा वरच्या छातीच्या 38 वर काढा, आणि फक्त पुढचा उभाराचा भाग 42 वर. मुंढा खोल झाला तर हात वर करताच अख्खा ब्लाउज वर जातो. काखेला काचणार नाही इतपतच उतरवायला लावा.

पुढून वर सरकण्याचं कारण उंचीत आहे. कापड उभारावरून चढून उतरतं, त्या वळणात लांबी खर्च होते. पुढची उंची खांद्यापासून टक्स पॉइंटवरून खालपर्यंत टेप अंगाला लावून मोजा, ती पाठीपेक्षा सव्वा ते दीड इंच जास्त निघेल. बाजूच्या शिवणीत हा फरक काखेखालच्या आडव्या टक्सात जिरवायचा. टक्सांची टोकं टक्स पॉइंटच्या एक ते सव्वा इंच अलीकडे थांबली पाहिजेत. थेट पॉइंटवर नेली तर कापडाला टोक येतं, आणि भरलेल्या अंगावर ते सगळ्यात आधी डोळ्यात भरतं.

तुमच्या वरच्या आणि पूर्ण छातीत 4 इंचांचा फरक आहे. इतका फरक चार टक्सांत ओढून बसवण्यापेक्षा प्रिन्सेस कट, म्हणजे टक्सांऐवजी उभारावरून खालपर्यंत जाणारी उभी शिवण, घ्या. त्याची शिवण पॉइंटवरूनच जाते, त्यामुळे ट्रायलला तिथल्या तिथे पाव इंच आत-बाहेर करता येतं.

काजबटण:
प्रिन्सेसबद्दल थोडं वेगळं मत. बांधणी घट्ट असलेल्या रेशमावर प्रिन्सेस सुरेख बसतो, पण उभार खाली असेल तर कटोरी जास्त आधार देते. कटोरीची खालची वाटी वेगळी कापलेली असते, तिला हवी तेवढी खोली देता येते. पैठणीत मात्र कटोरीच्या आडव्या शिवणीत बुट्टे तुटतात. म्हणून पैठणीला प्रिन्सेस, रोजच्या टू बाय टू रुबियाला (ब्लाउजच्या सुती कापडाला) कटोरी, असं मी सुचवेन.

तयार कुर्तीबद्दल. नंबरवर जाऊ नका. काही ब्रँड अंगाचं माप लिहितात, काही कपड्याचं, त्यामुळे एकाची 42 दुसऱ्याच्या 39-40 एवढी निघते. कुर्ती काउंटरवर सपाट पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजा. तुम्हाला साडेबावीस हवेत, म्हणजे घेर 45. मग खांद्यापासून साधारण 21-22 इंच खाली, सीटच्या जागी मोजा, तिथे साडेचोवीस, म्हणजे घेर 49. हाँगकाँग लेन किंवा कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर घालून बघायची सोय नसते, तिथे पर्समधली टेपच उपयोगाची.

कट फाकतो तेव्हा लोक कट शिवून खाली आणतात. मग सीटवर आणखी ताण येतो आणि कुर्ती वर चढते. दोष कटात नाही, तिथल्या घेरात आहे. घेतलेली कुर्ती वाचवायची असेल तर दोन्ही बाजूंना कमरेपासून कळी (खाली रुंद होत जाणारी कापडाची पट्टी) जोडा, सीटपाशी दीड इंच आणि खाली तीन इंच रुंद. नवीन घेताना ए-लाइन घ्या, नाहीतर कट सीटच्या सर्वांत रुंद जागेच्या खाली सुरू होणारी.

44 घेऊन आत घ्यायची असेल तर तीन कामं सांगा. पाठीत दोन उभे टक्स, प्रत्येकी एक इंच आत घेणारे, 10-11 इंच लांब, सीटच्या वर संपणारे. गळा लोंबत असेल तर खांद्याची शिवण गळ्याकडे अर्धा इंच उचलून बाहेरच्या टोकाला शून्यावर न्यायची. खांदे उतरत असतील तर बाही सोडवून, शोल्डर कापून, परत जोडायची. तिसरं काम खर्चाचं आहे, बाहीवर भरतकाम असेल तर त्या भानगडीत पडू नका.

पुढे बटणं असलेली कुर्ती घेणार असाल तर एक बटण बरोबर टक्स पॉइंटच्या रेषेत हवं, बाकीची तिथून वर-खाली मोजून. दोन बटणांच्या मध्ये आतून टिच बटण लावलं की फट पडत नाही.

रविवारपेठी:
कापडाचं मी सांगते. रोजसाठी रेयॉन, मोडाल, मऊ मलमल, क्रेप: अंगावरून पडणारं काहीही. ऑर्गंझा, टिश्यू, कडक खळीचं सुती हे अंगापासून दूर उभं राहतं आणि घेर वाढवून दाखवतं. रेयॉन आणि सुती दोन्ही आकसतात, म्हणून कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडे. अस्तरही तसंच भिजवा. अस्तर मागाहून आकसलं की वरचं कापड फुगून बसतं, मग कितीही इस्त्री करा.

किती घ्यायचं? दुकानात कुर्तीला अडीच मीटर सांगतात. 49 च्या घेराला 44 च्या पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) बाजूला जी पट्टी उरते, तिच्यात 14 दंडघेराची पाऊण बाही बसत नाही, जोड द्यावा लागतो. पावणेतीन मीटर घ्या. खण घेतलात तर त्याचा पन्हा लहान असतो, तिथे जोड प्रिन्सेसच्या शिवणीत घालायला सांगा म्हणजे तो जोड वाटत नाही.

कुर्त्यांचं कापड रविवार पेठेतल्या कापडगंजात बघा, मॅचिंग आणि अस्तर लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये, परकर, हुकं आणि टिच बटणं तुळशीबागेत. साडी सोबत न्या. हिरव्याच्या दहा छटा असतात आणि ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्या दिसतात, तेव्हा ताका दाराशी आणून उजेडात बघा.

पैठणीचं ब्लाउज पीस बहुधा 80 सेंटिमीटर असतं. 42 छाती आणि कोपरापर्यंतची बाही त्यात ओढाताणीने बसते. कमी पडलं तर काखेखालचे बाजूचे भाग त्याच रंगाच्या साध्या रेशमाचे करा, हाताखाली ते दिसत नाहीत. कापण्याआधी एक गोष्ट टेलरसमोर उभं राहून करून घ्या: कटिंगचा कागद कापडावर ठेवून टक्स पॉइंट कुठे येतो ते खडूने टिंबवा. तिथे मोर किंवा बुट्टा येत असेल तर कागद सरकवा. छातीच्या बरोबर टोकावर बसलेला मोर नंतर कशानेही हलवता येत नाही.

बाही दंडाच्या सर्वांत जाड जागी संपवू नका. 10 इंचांची, कोपराच्या जरा वर, काठ खाली. दंडापाशी दीड इंच सैल ठेवा, घट्ट बाही मुंढ्याला ओढते आणि गळा उघडा पडतो.

परकर नाडीच्या चुण्यांचा नको. कळ्यांचा, कमरेला सपाट पट्टी आणि बाजूला हुक असलेला शिवून घ्या. निऱ्यांचा अर्धा फुगवटा नाडीचाच असतो.

मधुरा_कोथरूड:
खूप आभार. ट्रायलला गेल्यावर काय बघायचं? टेलर "अंगावर बसेल हो हळूहळू" म्हणतात.

सुईदोरा:
हळूहळू बसत नाही. सुरकुती जिथून निघते तिकडे बोट दाखवायचं. टक्स पॉइंटपासून काखेकडे ताणलेली रेघ म्हणजे पुढे रुंदी कमी. पाठीत कमरेच्या वर आडवी घडी म्हणजे पाठ लांब किंवा खाली सीटला घट्ट. काखेपुढे लोंबणारी घडी म्हणजे मुंढ्यात पुढे कापड जास्त, ते चिमटीत धरून टाचणी लावायला सांगा. नुसतं आरशासमोर उभं राहू नका: दोन्ही हात वर करा, नमस्कार करा, स्टुलावर बसा, वाका. हात खाली आणल्यावर ब्लाउज आपोआप जागेवर आला पाहिजे, ओढून आणावा लागत असेल तर मुंढा खोल आहे.

ट्रायल कच्च्या शिलाईवर, आणि शक्यतो आधी फक्त अस्तराची घ्या. अस्तर चुकलं तर शे-दोनशेचं जातं. तयार ब्लाउजचा घेर 43 ठेवा, म्हणजे एक इंच सैल. रेशीम ताणत नाही, त्याहून कमी सोडलं तर जेवायला बसल्यावर हुकं ओढतील. हुकं एक-एक इंचावर. बाजूला सव्वा इंच माया (शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड) आणि आत दोन जास्तीच्या शिलाया मारून घ्या, पुढे कधी उसवायचं झालं तर घरीच एक शिलाई काढता येईल. प्रिन्सेसच्या शिवणीतही अर्धा इंच माया हवी, ती टेलर सहसा कापून टाकतात, आधीच सांगून ठेवा.