मदत हवी आहे: मॉरिस मायनरचे जुने लिव्हर शॉकअप

मंडळी, आजोबांची १९५८ ची मॉरिस मायनर १००० परत रस्त्यावर आणायचीच आहे, पण पुढच्या डाव्या शॉकअपने अडवलंय. हा आताच्यासारखा नळकांड्यासारखा शॉकअप नाही, लिव्हरवाला आहे आणि त्याचा आर्मच सस्पेन्शनचा वरचा हात आहे, म्हणजे हा ढिला पडला की चाकच डगमगतं, नुसते हादरे बसण्यावर भागत नाही. खालच्या हाताला जॅक लावून (टॉर्शन बारचा, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळाच्या दांडीचा, ताण असतो, त्याशिवाय हात घालू नका) चार बोल्ट काढून बाहेर घेतला. लिव्हर हाताने हलवला तर पहिला इंचभर मोकळाच जातो, मग एकदम जड. ऑइल भरलं तर दोन दिवसांत लिव्हर ज्यावर फिरतो त्या शाफ्टच्या बाजूने पाझरून खाली काळं डबकं. शाफ्टवर नख फिरवलं की खाच लागते.

आता प्रश्न असा की शॉकअपच्या बॉडीचं भोक बोअर करून (मोठं करून) नवीन बुश (शाफ्टभोवतीची धातूची नळी) आणि ऑइल सील बसवून कुणी हे काम करून घेतलंय का? सांगली-कोल्हापूरकडचा भरवशाचा लेथवाला असेल तर सांगा. आणि ऑइल कुठलं, जॅकचं हायड्रॉलिक की बाइकच्या फोर्कचं २० नंबर? घाई नाही, पण काम पक्कं व्हायला हवं.